घरटी एक माणूस

देवळात किती माणसं आली हे एक वेळ देवाला ठाऊक नसेल, पण आमच्या साडूंना ठाऊक असतं. हे मी थट्टेनं म्हणत नाही. देवाला भक्तांच्या मनात काय चाललंय ते बघायचं असतं, त्यामुळे आकड्याकडं त्याचं दुर्लक्ष होणं साहजिक आहे. साडूंना कुणाच्या मनाशी काही देणंघेणं नसतं. माणूस आला का, बसला का आणि आरतीपर्यंत टिकला का, एवढं कळलं की त्यांचं भागतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. नात्यानं साडू असले तरी वयानं माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी बायकोच्या तोंडची हाक उचलून त्यांना दाजी म्हणतो. ते मात्र मला, लग्नाला इतकी वर्षं उलटून गेली तरी, पाव्हणं म्हणतात. मी लोहाऱ्यात तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो आणि त्यांचं गाव तिथून आत, काळीपिवळी जीप जिथं माणसं उतरवून माघारी वळते तिथं आहे. जीपमधून उतरलो की दाजींचा पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. जीपमध्ये किती होते, हा असतो.

त्यांची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली. गावोगाव फिरून बैलांना, म्हशींना लाळ्या-खुरकुताची लस टोचायची आणि पशुगणना निघाली की घरोघर जाऊन गुरं मोजायची, हे त्यांचं काम. टोचलेलं जनावर चुकून पुन्हा टोचलं जाऊ नये म्हणून त्याच्या शिंगाला गेरूचं बोट लावायचं. गाव अजूनही त्यांना डॉक्टर म्हणतं. या नोकरीत त्यांना पेन्शन मिळाली आणि दोन पक्की मतं मिळाली. एक, मालक सांगतो तो आकडा कधीच खरा नसतो. दुसरं, कळपात उभं राहून कळप मोजता येत नाही. निवृत्त झाल्यावर गुरं हातातून गेली आणि मग दाजींनी आपली नजर माणसांकडं वळवली. लग्न असो, बारसं असो, तेराव्याचं जेवण असो, दाजी मांडवाच्या खांबाला टेकून उभे. कुणी बसा म्हटलं तर हात जोडतात आणि उभेच राहतात. बघणाऱ्याला वाटतं माणूस किती विनयशील आहे.

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात संध्याकाळी मी पार गळून खुर्चीत पडलो होतो. दाजी शेजारी येऊन बसले, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं आणि हळू आवाजात म्हणाले, "पाव्हणं, अक्षता टाकाय जेवढे व्हते त्येच्या दुप्पट जेवून गेले. तुमच्या दुकानापुढची समदी कचेरी आलती, पर मंगलाष्टका संपल्यावर." मला त्याचं काही वाटलं नसतं. पण पुढच्याच आठवड्यात एक कारकून सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आला आणि अक्षता पडताना आपण नवरदेवाच्या मागंच उभे होतो असं सांगायला लागला. माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे, तो उरलेले दोन रुपये न घेताच गेला. दाजींशी नातं असलं की असे तोटेही होतात.

पण लग्नंकार्यं हा त्यांचा फावल्या वेळचा नाद. त्यांचा खरा जीव देवळात. एका एकादशीला देवळात भजन होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी दूध डेअरीवर, गिरणीत, पारावर सहज हिंडल्यासारखे हिंडले आणि भेटेल त्याला विचारत गेले की काल भजनाला होता का. निम्मं गाव म्हणालं, व्हतो की. आता आमच्या त्या देवळाचा सभामंडप एवढा की त्यात बैलगाडी वळवायची म्हटलं तर बैल सोडावे लागतील. आदल्या संध्याकाळी तिथं एका सतरंजीची माणसंसुद्धा नव्हती आणि सतरंजीचा एक कोपरा दुमडलेला होता. मी हसून म्हणालो, म्हणजे गाव खोटारडं आहे तर. दाजींना राग आला. "खोटं न्हाय वो पाव्हणं. जायाचं म्हणून माणूस मनात धरतंय, अन् मनात धरलं की गेल्यावानीच वाटतंय. म्हैस दूध किती देती इचारलं तर मालक आसंच सांगतोय. त्येला पुढल्या वेताचं दूध आत्ताच दिसतंय." गावाची एवढी बाजू घेतल्यानंतरही त्यांनी आकडा मात्र सतरंजीवरचाच धरला.

तीन वर्षांपूर्वी या नादापायी सगळं गाव वेठीला धरल्यासारखं झालं. दाजींच्या गावात दरवर्षी सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, सकाळी पारायण, संध्याकाळी कीर्तन आणि शेवटच्या दिवशी दुपारी काला. पण गाव पातळ होत चाललंय. पोरं पुण्याला आणि उरलेले शेतात, त्यामुळे वीणेच्या पहाऱ्याला उभं राहायला माणूस मिळेना. तेवढ्यात डांबरी रस्त्यावरच्या मोठ्या गावचे दोन कारभारी आले आणि मोठ्या मायेनं म्हणाले की तुमच्या चार टाळांचा वेगळा सप्ताह कशाला, आमच्यात सामील व्हा. त्यावर पारावर बैठक बसली. सरपंच सांगायला लागले की आमच्या कीर्तनाला पाय ठेवायला जागा नसते. शाळेचे गुरुजी म्हणाले, पहिल्या रांगेच्या मागं आमची शेळी बसते. शब्दाला शब्द वाढला, दोघांनी बाह्या वर केल्या. शेवटी मोठ्या गावच्या कारभाऱ्यांच्या साक्षीनं ठरलं की यंदा मोजूनच बघू. घरटी एक माणूस. काल्यापर्यंत गावातल्या प्रत्येक घरचं कुणीतरी निदान एक कीर्तन आरतीपर्यंत बसून ऐकलेलं पाहिजे. एक घर जरी राहिलं तरी पुढच्या वर्षापासून सप्ताह रस्त्यावरच्या गावात.

मोजायचं कुणी, यावर वाद झालाच नाही. सगळ्यांच्या माना एकदम दाजींकडं वळल्या. दाजी उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मोजतो. पर एक आट. मोजणारा मोजणीत धरायचा न्हाय. आपलंच आपण मोजाय लागलं की आकडा फुगतोय." मोठ्या गावच्या कारभाऱ्यांना हे फार पटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही तिथंच होतो, मीही डोलावली. शेवटची जीप चुकू नये एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

आता आक्काबद्दल सांगायला पाहिजे. आक्का म्हणजे माझी मेहुणी, दाजींची बायको. मुलगा पुण्याला, त्यामुळे घरात ही दोघंच. एके काळी सप्ताहात बायकांच्या हरिपाठाला तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. बैठकीच्या दोन वर्षं आधी तिला अर्धांगाचा झटका आला. उपचार झाले, काठी घेऊन घरात चालायला लागली, पण तोंड एका बाजूला ओढलेलं राहिलं आणि बोलणं जड झालं. तेव्हापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. बायका भेटायला आल्या की ती आतल्या खोलीत जाऊन पडायची. तिचे डॉक्टर सांगून थकले की बाहेर चाला, माझी बायको तिच्यापुढं रडून आली. दाजी एका शब्दानं कधी बोलले नाहीत. तिच्यापाशी एकच गोष्ट उरली होती. तिची खाट ज्या भिंतीला होती त्या बाजूनं देवळाचा भोंगा स्पष्ट ऐकू यायचा आणि सप्ताहाचे सात दिवस ती चांगल्या हातानं खाटेच्या लाकडी गातावर ताल धरून सगळं कीर्तन ऐकायची. सप्ताह रस्त्यावरच्या गावाला गेला तर तिथला भोंगा तिच्या कानापर्यंत येणार नव्हता. हे दाजींना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि म्हणूनच त्या सात दिवसांत दुकान बंद करून मी बायकोसह तिथं जाऊन राहिलो. रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर घेतल्या होत्या.

पहिल्या संध्याकाळी दाजींनी हातात बुक्क्याची वाटी घेतली. कीर्तनात बसलेल्यांच्या कपाळाला बुक्का लावायची रीत सगळीकडं आहे. दाजींनी तिचा उपयोग ओळखला. एका कपाळाला एकदा बुक्का, म्हणजे एक माणूस दोनदा मोजला जाणार नाही. जनावराच्या शिंगाला गेरू अन् माणसाच्या कपाळाला बुक्का, असं त्यांनी चारचौघांत बोलून दाखवलं आणि टाळकऱ्यांपैकी दोघं दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. महाराजांनी निरूपणाच्या भरात, हजारोंच्या संख्येनं जमलेल्या माझ्या मायबापांनो, असं म्हटलं तेव्हा खांबापाशी उभ्या दाजींनी न राहवून मान हलवली. महाराजांनी ते पाहिलं. पुढच्या अभंगाला त्यांचा आवाज जरा खाली आला, आणि दुसऱ्या दिवसापासून ते नुसतंच मायबापांनो म्हणायला लागले.

घर कशाला म्हणायचं यावरून तिसऱ्या दिवशी भांडण पेटलं. कुलूप लावून पुण्याला गेलेले धरायचे का? दाजी म्हणाले, जिथं चूल पेटते ते घर. मग कुणीतरी विचारलं, आता चूल कुठं दिसते, सगळ्यांकडं गॅस. दाजींनी रात्रभर विचार केला आणि सकाळी निकाल दिला की सकाळचा चहा जिथं वेगळा उकळतो ते घर वेगळं. यात एका घरातले दोन भाऊ उघडे पडले. बाहेर ते एकत्र म्हणवत होते, पण सकाळी दाजींनी दोन्ही खोल्यांतून चहाचा वास घेतला. धाकटा भाऊ चिडून अंगावर आला, तरी संध्याकाळी त्याची बायको येऊन बसली. झोपलेला धरायचा का, असं मी विचारलं. धरायचा, म्हणाले. गुरंबी रवंथ करताना डोळे मिटत्यात, म्हणून काय ती कळपात नसत्यात?

चौथ्या दिवशी मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही राहिलं नाही. भर कीर्तनात थ्री फेज लाईट आली. शिवारातली लाईट आली की शेतकऱ्याच्या पायात वारं शिरतं. एकेक जण मोटार चालू करायला उठायला लागला. दाजी मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. कुणाला अडवलं नाही. फक्त बाहेर पडणाऱ्याच्या कपाळावरचा बुक्का खांद्यावरच्या टॉवेलनं पुसायचा आणि उद्या पुन्हा बसा म्हणायचं. एकानं त्यांचा हात झटकला, वाटी खाली पडली. दाजींनी वाकून बुक्का गोळा केला आणि पुन्हा तिथंच उभे राहिले. सरपंचांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं की डॉक्टर, गावाचा प्रश्न आहे, थोडं डोळ्याआड करा. दुसऱ्या बाजूनं मोठ्या गावचा एक जण गाडीवरून आला आणि इतका ताण कशाला घेता, दोनचार घरं राहू द्या की, असं गोड बोलून गेला. त्या दिवसापासून दाजींनी गावात कुणाकडंही चहा घेणं सोडलं. घरी आले की आक्का आतून विचारायची, "किती ऱ्हायली?" दाजी घरांची नावं सांगायचे. मोजून नाही, एकेक करून. आक्का प्रत्येक नावावर हुंकार भरायची आणि शेवटचं नाव ऐकलं की भिंतीकडं तोंड करायची. मला तर त्या हुंकारांची धास्तीच बसली.

काल्याच्या आदल्या दिवशी एकच घर उरलं, असं सगळ्यांना वाटत होतं. त्या घरच्या माणसाचं मृदंग वाजवणाऱ्याशी बांधावरून वैर होतं आणि मृदंग वाजतोय तिथं पाय ठेवणार नाही अशी त्याची शपथ होती. सरपंच जाऊन आले, गुरुजी जाऊन आले. त्यानं दाराला आतून कडी घातली. संध्याकाळी आक्कानं माझ्या बायकोला जवळ बोलावलं आणि तिच्या जड जिभेनं, अडखळत, एक निरोप पाठवला. माझी बायको त्या बंद दारापाशी जाऊन तो जसाच्या तसा बोलली: "मला ऐकू येतंय तवर तरी सप्ता गावात ऱ्हाऊ दे, भाऊ." कडी निघाली नाही. ती तशीच परत आली. त्या रात्री मी दोन गोळ्या घेतल्या, एक नेहमीची आणि एक अशीच.

काल्याच्या दिवशी सकाळपासून मांडव भरला. मोठ्या गावचे दोन्ही कारभारी येऊन खुर्च्यांवर बसले. दहीहंडी बांधली गेली, महाराज उभे राहिले आणि कीर्तन रंगात यायच्या आधीच तो बांधाच्या भांडणातला माणूस आला. कुणाकडं न बघता शेवटच्या रांगेत, मृदंगाकडं पाठ करून बसला. दाजी त्याच्यापुढं गेले, त्यानं कपाळ पुढं केलं. मांडवातून सुटकेचा एक आवाज निघाला. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं डोळे पुसले. सरपंचांना आरतीपर्यंतही दम निघेना. अभंगाची मोकळी जागा आली तसा त्यांनी माईक घेतला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं विचारलं, डॉक्टर, झाली ना मोजणी?

दाजी खांबापाशी उभे होते. सरपंचांनी माईक त्यांच्यापुढं धरला. वाटीकडं बघत म्हणाले, "न्हाय. एक घर ऱ्हायलंय."

"कुणाचं?"

"माजं."

ते शब्द भोंग्यातून गावभर गेले. क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं. सात दिवस दाजी उभे होते, बसले कुठं होते? आणि बसले असते तरी मोजणारा धरायचा नाही असं त्यांनीच ठरवून घेतलं होतं. आधी लोक हसले. मग सरपंच म्हणाले, असं कसं, तुम्ही आहातच की. दाजींनी नकारार्थी मान हलवली. कुणी म्हणालं, आत्ता बसा, वाटी माझ्याकडं द्या. दाजी म्हणाले, अर्ध्यावर मोजणारा बदलला तर ती मोजणी कसली? मुलाला पुण्याहून का बोलावलं नाही, असं मी विचारलं. त्याचा चहा पुण्यात उकळतो, असं उत्तर आलं. आता लोक हसत नव्हते. एका तरण्या पोरानं दाजींचं मनगट धरून त्यांना खाली बसवायला ओढलं. साऱ्या गावाला बसवलं आणि स्वतःच्या अडेलतट्टूपणासाठी सप्ताह बुडवतोय हा माणूस, असं कुणीतरी मोठ्यानं बोललं. मोठ्या गावचे थोरले कारभारी उठून धोतर झटकायला लागले आणि म्हणाले की मग ठरल्याप्रमाणं पुढल्या साली आमच्याकडं. महाराजांनी काय ओळखलं कोण जाणे. त्यांनी हंडी फोडली नाही. टाळकऱ्यांना खूण केली आणि तोच अभंग पुन्हा धरला. मला दाजींचा राग आला होता. हा माणूस आक्काचा भोंगा आपल्या हातानं बंद करत होता. ते वाटीकडं बघत उभे होते.

घरात काय झालं ते माझ्या बायकोनं मला नंतर सांगितलं. ती आक्कापाशी बसली होती. भोंग्यातून 'माजं' हा शब्द आला तसा आक्काचा ताल धरलेला हात थांबला. बाहेरचा गलका, सरपंचांचं बोलणं, सगळं ऐकू येत होतं. आक्का उठून बसली. म्हणाली, "माझ्यापायी चाललाय व्हय सप्ता?" आक्कानं काठीकडं हात केला. "लुगडं काढ. हिरवं."

अभंग तिसऱ्यांदा सुरू झाला होता तेव्हा बायकांच्या बाजूचं बोलणं अचानक थांबलं. मी मान वळवली. मांडवाच्या तोंडाशी आक्का उभी होती. एक हात काठीवर, एक माझ्या बायकोच्या खांद्यावर, आणि पदर असा ओढलेला की तोंड दिसू नये. कुणी वाट मोकळी करा म्हटलं नाही, पण वाट मोकळी झाली. एक पाय टाकायचा, दुसरा ओढायचा. तेवढं अंतर कापायला तिला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. ती बायकांच्या रांगेत खाली बसली. धोतर झटकणारे कारभारी पुन्हा खुर्चीवर बसले. महाराजांनी निरूपण पुढं नेलं, हंडी फुटली, आरती झाली, आणि आक्का शेवटपर्यंत तशीच बसून राहिली. मग दाजी वाटी घेऊन तिच्यापुढं गेले. बुक्का लावायचा तर पदर मागं घ्यायला हवा. दाजी थांबले. साऱ्या गावासमोर आक्कानं चांगल्या हातानं पदर मागं सारला आणि आपलं वाकडं तोंड वर केलं. दाजींचं बोट कपाळाच्या मधोमध पडलं नाही, भुवईवर पडलं. तरी ते माईककडं वळून म्हणाले, "झाली मोजणी." मी रडलो. माझ्या शेजारचा म्हाताराही रडत होता, त्यामुळे कुणाचं लक्ष गेलं नाही.

संध्याकाळी ओसरीवर आम्ही दोघंच होतो. आतून बायकांचा आवाज येत होता. दोन वर्षं परत पाठवलेल्या सगळ्या जणी एकदम आल्या होत्या आणि आक्का बाहेरच्या खोलीत बसली होती. मी दाजींना स्पष्टच विचारलं, मोजणारा धरायचा नाही ही अट पारावर घातली तेव्हाच हे तुमच्या मनात होतं का? त्यांनी अडकित्त्यात सुपारी धरली, कातरली नाही. मग म्हणाले, "आजारी जनावर कळप सोडतंय, पाव्हणं. त्येला हाकून आणता येत न्हाय. कळप थांबला तरच येतंय." आणि ती आली नसती तर, मी विचारलं. ते म्हणाले, "तर सप्ता गेला आसता." एवढंच. त्यांनी हे सहज म्हटलं, पण सुपारी तशीच राहिली आणि अडकित्ता त्यांनी बाजूला ठेवून दिला. सात दिवस माझ्यापेक्षा जास्त भीती कुणाला वाटली होती, ते मला तेव्हा समजलं.

आक्का त्यानंतर दोन सप्ताह बसली. पहिल्या वर्षी काठीनं आली, दुसऱ्या वर्षी खुर्चीतून आणावं लागलं, पण पदर पुन्हा ओढला नाही. हरिपाठात तिचे शब्द जड निघायचे आणि बाकीच्या बायका तिच्यासाठी चाल संथ धरायच्या. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला ती गेली. दिवसांच्या जेवणाला गाव लोटलं होतं. किती होते, असं मी दाजींना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

यंदा सप्ताहाला गेलो तेव्हा मला वाटलं होतं दाजी खांबापाशी असतील. मोजणी आता गावाच्या अंगवळणी पडली आहे, मोठ्या गावचं कुणी विचारायला येत नाही तरी घरटी एक माणूस येतोच. पण खांबापाशी कुणी नव्हतं. बुक्क्याची वाटी अंगणवाडीच्या बाईंच्या हातात होती. दाजी पुरुषांच्या रांगेत, बायकांच्या बाजूच्या दोरीला लागून मांडी घालून बसले होते. आयुष्यभर उभं राहिलेल्या माणसाला बसणं जमत नव्हतं, सारखा गुडघा बदलत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "घरचं कुणीतरी बसलं पायजे, पाव्हणं." बाई वाटी घेऊन आमच्या रांगेत आल्या. दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कपाळ पुढं केलं. मग आरतीपर्यंत ते जागचे हलले नाहीत.